डावऱ्याचा व्हाइस

कवळीताईला जुन्या व्हाइसचं वेड होतं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. धंदा कवळ्या करण्याचा, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलं आणि तीही त्याच नावाला खुशाल ओ द्यायची. सकाळभर पुढच्या खोलीत बसून साच्यांवर दात बसवायचे. दुपार झाली की मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं आणि लोकांनी भंगारात घातलेले व्हाइस उघडत बसायचं. व्हाइस म्हणजे कारागिराच्या टेबलाला बोल्टनं आवळलेला लोखंडी जबडा हो. दांडी फिरवली की दोन पकडी जवळ येतात, मधलं काम घट्ट धरतात, आणि माणूस दोन्ही हातांनी कानस चालवायला मोकळा होतो. असे एकवीस जबडे तिनं जमवले होते.

त्या दिवशीही ती नेहमीसारखीच भंगारवाल्याकडे गेली होती. त्यानंच फोन केला होता, जुन्या कारखान्याची शेवटची शेड पाडतायत, एक नग आलाय म्हणून.

"ताई, माणसांचे जबडे पुरेनात का हो तुम्हाला?" तो दर वेळी हेच विचारायचा.

"माणसांचे बोलतात फार, मामा. हे गप्प असतात," ती म्हणाली आणि उकिडवी बसली.

व्हाइस हातात आला की ती आधी त्याचं वय काढायची. अक्षरं उठावाची आहेत की खोल? दांडीच्या टोकांचे गोळे ठोकून केलेत की लेथवर कातून? सरकत्या जबड्याच्या पोटाखाली ओतताना घातलेला आकडा आहे का? बैलाचं वय दातांवरून सांगतात, तसं ती व्हाइसचं सांगायची आणि चुकलीच तर दोन-चार वर्षांनी. हा बावन्न वर्षांचा निघाला. गंजून पार जाम झाला होता. पकडींमध्ये अंगठ्याएवढा पितळेचा तुकडा अडकलेला होता, अर्धवट घासलेला. आणि पकडी झिजल्या होत्या त्या डाव्या कोपऱ्यात. उजव्या हाताचा माणूस तिथं काम धरतच नाही. भाव न करताच ताईनं तो उचलला.

कारण त्याच कारखान्यात तिचे बाबा कामाला होते आणि त्यांच्या शेजारच्या व्हाइसवर त्यांचा जोडीदार डावऱ्या असायचा.

बाबा चौतीस वर्षं फिटर होते. आता एक्याऐंशी वय, आणि गेल्या वर्षापासून ते हळूहळू आतल्या आत निघून गेले होते. लेकीला "अहो बाई" म्हणायचे. अकरा महिन्यांत एक पूर्ण वाक्य तोंडातून निघालं नव्हतं. पण व्हाइसची दांडी हातात दिली की त्यांची बोटं आपोआप वळायची आणि डोळ्यांत क्षणभर कुणीतरी डोकावून जायचं. ताई एवढ्यासाठीच व्हाइस गोळा करायची. यातला एखादा तरी आपल्या बापाला ओढून परत आणेल, ही तिची वेडी आशा होती. दुसरं काही नाही.

डावऱ्या तिला चांगला आठवत होता. सुट्टीच्या दिवशी घरी यायचा, गालात कायम लवंग, कारण दात दुखायचा. तिला त्यानं पत्र्याची शिट्टी करून दिली होती आणि ती वाजवून वाजवून तिनं अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. ती नऊ वर्षांची असताना एका दुपारी तो कारखान्यात नळावर हात धुवायला गेला, तिथंच खाली बसला, तो उठलाच नाही. बाबा त्या रात्री जेवले नव्हते.

व्हाइस तिनं आठ दिवस रॉकेलमध्ये भिजत ठेवला. नवव्या दिवशी दांडी हलली, जबडा कुरकुरत उघडला आणि पितळेचा तुकडा तिच्या तळहातावर पडला. तो तिनं सवयीनं मापून डबीच्या झाकणात ठेवला. तारेच्या ब्रशनं गंज काढला, स्क्रू धुतला, तेल दिलं. रंग ती कधीच देत नसे; म्हातारपण झाकायचं कशाला, म्हणायची. मग बाबांना धरून मागच्या खोलीत आणलं.

बाबांनी रिकाम्या पकडींत बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्यात काम होतं."

ताईला रडूच फुटलं. "होतं ना बाबा! मी काढलं."

"तू काढलंस?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "डावऱ्याचं काम काढलंस? दुसऱ्याच्या व्हाइसमधल्या कामाला हात लावायचा नसतो, पोरी. तो हात धुवायला गेलेला असतो... आता तो आला की मी काय सांगू त्याला?"

हा नियम तिनं लहानपणी शंभरदा ऐकला होता. गंज काढायच्या नादात साफ विसरली होती. पण आनंद एवढा झाला होता, की म्हातारा म्हणाला असता तर तिनं पाडलेल्या शेडचं छप्परही परत बसवलं असतं. पितळेवर पकडीच्या दात्यांचे ठसे होते. कवळी बसवताना वरच्या-खालच्या दातांचा चावा जुळवतात, तसा तिनं एकेक ठसा दात्यांत जुळवला. तुकडा केसभरही न ढळता जिथं होता तिथं बसला. तिनं दांडी आवळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, पुढच्या खोलीत तिला कानशीचा आवाज ऐकू आला. खर्रर्र... मग थोडं शांत. खर्रर्र... मग शांत. जाताना दाबायची आणि येताना उचलायची, हे शिकलेल्या हाताचं लक्षण. बाबाच असणार, असं वाटून ती लगबगीनं उठली. बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते, डोळे मिटून. ऐकत होते आणि हसत होते.

मागच्या खोलीत कुणी नव्हतं. पत्रा उन्हानं तापून तडतडत होता. रॉकेलचा वास, तेलाचा वास आणि त्यात हलकासा लवंगेचा. तिनं स्वतःची बोटं हुंगली, कारण तिच्या धंद्यातही लवंगेचं तेल असतंच. बोटांना नुसता साबणाचा वास येत होता. टेबलावर पितळेचा ताजा भुगा पडला होता आणि ती नेहमी उजवीकडे ठेवायची ती कानस व्हाइसच्या डाव्या बाजूला होती.

तिनं मापणी, म्हणजे सरकत्या जबड्याची मापपट्टी, तुकड्याला लावली. अठरा पूर्णांक चार मिलिमीटर. काल झाकणात ठेवताना अठरा-सहा होता, हे तिला पक्कं आठवत होतं. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "चिमणे, चहा टाक गं! साखर कमी नको, मेलो तरी चालेल." चिमणी हे तिचं लहानपणचं नाव. ती धावतच चहा टाकायला गेली.

मग रोजचंच झालं. दुपारी कानस चालायची, तुकडा थोडा कमी व्हायचा आणि बाबा थोडे जास्त व्हायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची दाढी केली. चौथ्या दिवशी फोरमनची गोष्ट सांगितली, त्याचा डबा डावऱ्यानं व्हाइसमध्ये कसा आवळून ठेवला होता आणि साहेबासमोर त्याला तो कसा सोडवता येईना. बापलेक दोघं पोट धरून हसले. ताईनं विचारलं काहीच नाही. विचारलं आणि थांबलं तर, या भीतीनं तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं.

नवव्या दिवशी बाबांनी आपल्या पेटीतून एक पितळी पाटी काढली. मधोमध चौकोनी भोक, आरशासारखं घासलेलं.

"हे माझं," ते म्हणाले. "त्यानं चौकोन करायचा, तो यात बसवायचा. उजेडाला धरलं तर फट दिसता कामा नये. जमलं तर नोकरी सोडून दोघांचं दुकान टाकायचं, नाही जमलं तर फोरमनच्या शिव्या खात बसायचं. पैज आहे आमची."

"बाबा, आता कुठलं दुकान?"

"जागा बघून ठेवलीय म्हणाला. लांब आहे, पण उजेड चांगला येतो."

"कधी म्हणाला?"

"काल," बाबा म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

ते झोपल्यावर तिनं भोक मापलं. सोळा. तुकडा मापला. सोळा-आठ. रोज पॉइंट दोननं कमी होत होता. चार दिवस... मग चौकोन बसणार आणि बाबा त्याच्याबरोबर जाणार. तिथल्या तिथं तिनं दांडी फिरवली, तुकडा काढला आणि पुढच्या खोलीत दातांच्या खणात टाकून कुलूप घातलं.

दुसऱ्या दुपारी कानस वाजली नाही. वाजली ती दांडी. टण्... एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. जबडा उघडत होता, मिटत होता, परत उघडत होता. कुणीतरी शोधत होतं. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. आणि ओसरीतून बाबांचा आवाज येत होता, "अहो बाई... इथं एक काम होतं... तुम्ही बघितलंत का?"

तीन दिवस तिनं दम धरला. बाबा जेवेनात. तिच्याकडे परक्यासारखं बघत आणि लहान मुलासारखं रडत. बाप जिवंत ठेवायचा म्हणून आपण त्याला पुन्हा त्याच अंधारात लोटलं, हे तिला कळत होतं. स्वतःचीच तिला चीड आली. आपल्याला बाप हवाय, की नुसता खुर्चीत बसलेला माणूस? चौथ्या दिवशी तिनं खण उघडला, तुकडा पुन्हा ठसे जुळवून बसवला आणि रिकाम्या खोलीला हात जोडले.

"काका," ती म्हणाली, "चुकलं माझं. पण... जरा हळू घासा हो."

काकांनी ऐकलं. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. त्या अकरा दिवसांत बाबांनी तिला कानस धरायला शिकवली. मागे उभं राहून, तिच्या हातांवर आपले हात ठेवून. "मनगट नको, खांदा. लोखंडाशी भांडायचं नसतं, चिमणे, त्याला पटवायचं असतं." आई कशी चिडायची ते सांगितलं. शिट्टीचंही सांगितलं. तिच्या आयुष्यात असे दिवस पूर्वी कधी आले नव्हते आणि ती रोज संध्याकाळी मापणी लावताना डोळे पुसायची.

बाराव्या दुपारी आवाज आलाच नाही. ती धावत मागे गेली. बाबा स्टुलावर बसले होते, एक हात व्हाइसवर, मान किंचित कलती, झोप लागल्यासारखी. मांडीवर पाटी होती आणि तिच्यात चौकोन बसलेला होता. तिनं ती खिडकीला धरली. कुठूनही उजेड दिसला नाही. बाबांना मिठी मारून ती मोठ्यानं रडली, गल्ली गोळा होईपर्यंत.

पंधरा-वीस दिवस माणसांची ये-जा चालली. मग घर शांत झालं. ताई पुन्हा कवळ्यांना लागली. मागची खोली तिनं उघडली नाही. बघवणार नाही म्हणून. एका दुपारी मात्र हातातला दात तिनं खाली ठेवला. मागून आवाज येत होता. खर्रर्र... आणि शांत झालं की लगेच दुसरा, थोडा जड... खर्रर्र...

दाराशी पोचली तेव्हा सगळं थांबलं. व्हाइसमध्ये पितळेचा नवा ठोकळा होता, चांगला मुठीएवढा, करवतीचे ओरखडे अजून तसेच. त्याच्या एका बाजूवर कानशीच्या रेषा डावीकडे झुकलेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूवर उजवीकडे. व्हाइसच्या डाव्या हाताला एक कानस होती, उजव्या हाताला एक. आणि समोर तिसरी ठेवलेली होती, लहान. तिची लाकडी मूठ नवीकोरी होती. ताईनं ती उचलून धरली. मूठ तिच्या हातात अगदी बेतून केल्यासारखी बसली.

तिनं ती होती तिथं परत ठेवली. ठोकळ्याला हात लावला नाही; आता ती नियम विसरणार नव्हती. नुसती मापणी लावली. एकसष्ट-चार. बरंच होतं. हळू घासलं तर वर्षानुवर्षांचं काम होतं, म्हणून तिला हायसं वाटलं आणि दार लोटून ती पुढच्या खोलीत आली.

आज दुपारी तिनं पुन्हा माप घेतलं. अजूनही बरंच आहे. पण कालपेक्षा कमी.