चाचणीचा पेशंट

आमच्या त्वचारोगांच्या दवाखान्यातलं फायलींचं कपाट बंद होईनासं झालं, तेव्हा पेशंटच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं मी ठरवलं. दादाने नाक मुरडलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दवाखाना त्याने उभा केला आणि हे काम मला शिकवलंही त्यानेच. कागदावर माणसाची आकृती काढायची आणि चट्टा असेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, ही त्याची पद्धत. त्यात त्याला काहीच कमी वाटत नव्हतं. कपाटाच्या दाराला गुडघा लावून कुलूप घालायचं काम माझ्याकडे असल्यामुळे माझं मत वेगळं होतं.

पहिल्या दोन कंपन्यांनी निराशाच केली. एकीच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्तदाब लिहायला तीन जागा होत्या, पण पुरळ अंगावर नेमकं कुठे आलंय हे सांगायला एकही नव्हती. दुसरीच्याला फोटो जोडला की ते मूग गिळून बसायचं. तिसरं मात्र आमच्या कामाचं निघालं. पडद्यावरच्या आकृतीवर हव्या त्या जागी बोट ठेवायचं आणि टॅबलेटनेच तिथला फोटो काढायचा. पुढच्या वेळचा फोटो आपोआप जुन्याच्या शेजारी येऊन बसायचा. विक्रीवाल्याने वापरून बघायला टॅबलेट ठेवून घ्या म्हटलं आणि तो गेला.

चाचणीसाठी खरे पेशंट वापरणं मला पटेना. मग दादालाच पेशंट केलं. दिवसभर दुसऱ्यांची कातडी भिंगाखाली बघणारे आम्ही लोक स्वतःची कुणाला दाखवत नाही. शर्टाची बाही वर करायलाही त्याने भरपूर आढेवेढे घेतले. मी कोपराच्या खालच्या, मागच्या बाजूचा फोटो काढला. एका जुन्या डागाशिवाय तिथे काहीच नव्हतं, म्हणूनच ती जागा निवडली होती.

पडद्यावर तिथे एक काळा ठिपका होता.

आधी मी काच पुसली. मग पुन्हा फोटो काढला, ठिपका तिथेच. आमच्या जुन्या कॅमेऱ्याने काढला, तर हात स्वच्छ. टॅबलेटवर माझा हात बघितला, तोही स्वच्छ. दुसऱ्याच कुणाचा फोटो येत असेल म्हणावं, तर ठिपक्याच्या खाली दादाचा लहानपणीचा भाजल्याचा डाग जसाच्या तसा दिसत होता. मी कंपनीला फोन लावला. आमचं सॉफ्टवेअर फोटोत ढवळाढवळ करत नाही, असं विक्रीवाल्याने मला अगदी नम्रपणे तीनतीनदा सांगितलं.

दादाने सगळं हसण्यावारी नेलं. पैसे देण्याआधीच दोष सापडला हे बरं झालं, म्हणाला. मी पिच्छा सोडला नाही. एक-दोन दिवसांआड त्याला खुर्चीत बसवून फोटो काढत राहिले. प्रत्येक फोटोत ठिपका वाढलेला असे. त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, मध्ये निळसर झाक आली. असा ठिपका घेऊन पेशंट आला असता, तर मी त्याला खोलीबाहेर जाऊ दिलं नसतं. भिंगाखाली दादाची कातडी मात्र नितळ होती. नुसत्या फोटोला घाबरतेय याची लाज वाटत होती, तरी भीती जाईना.

शेवटी मी म्हटलं, तेवढा तुकडा कापून तपासायला पाठवते. दादा पहिल्यांदाच चिडला. स्वच्छ कातडी कापणारा डॉक्टर त्याने पाहिला नव्हता आणि स्वतःच्या दवाखान्यात तर त्याला तो बघायचाच नव्हता. मी पुढचा फोटो काढला.

ठिपका गेला होता. त्या जागी टाके होते.

दोऱ्याची टोकं लांब सोडलेली होती. टोकं अशी लांब सोडायची माझी सवय आहे, आणि त्यावरून मी इतकी वर्षं दादाची बोलणी खाल्ली आहेत. त्याने टॅबलेट हातात घेतला, टाके जवळ आणून पाहिले. मग त्याने न दुमडलेल्या दुसऱ्या हाताची बाही उगाचच सारखी केली.

"काप," तो म्हणाला. "पण या वेळी टोकं आखूड ठेव."

मी भूल दिली, कापलं, टाके घातले. टोकं आखूड ठेवायचं ठरवलं होतं. हात धुऊन आल्यावर पाहिलं तर ती लांबच होती.

तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. कातडीचा कॅन्सर होता, अगदी नुकता सुरू झालेला, आणि सगळाच्या सगळा निघून आला होता. वरून काहीही दिसलं नसणार, मग तुम्ही कापलंत कसं, असं त्यांनी विचारलं. मी अंदाज म्हणाले. फोन ठेवला आणि दादाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. तो मला थोपटत राहिला, आणि मधेच हेही म्हणाला की शहाणे, मान दुखतेय माझी.

सॉफ्टवेअर घ्यायचं पक्कं झालं. टाके काढल्यावर दादाचं चाचणीचं पान बंद करायचं म्हणून मी एक शेवटचा फोटो काढला. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवली, डाव्या अंगठ्याने दाबून धरली आणि उजव्या हाताने बटण दाबलं.

पडद्यावरचा हात म्हाताऱ्या माणसाचा होता. कातडी सैल, पातळ, सुरकुतलेली. भाजल्याचा डाग फिकटलेला. कापल्याची खूण दोऱ्यासारखी पांढरी, कितीतरी जुनी. नवा ठिपका कुठेच नव्हता.

माझा जीव भांड्यात पडला. दादा म्हातारा होणार होता. मी हसत हसत टॅबलेट त्याच्यापुढे धरला.

तो हसला नाही. त्याने फोटोच्या खालच्या कडेवर तळहात ठेवला.

"हे नको घ्यायला आपण," तो म्हणाला. "दुसरं बघू."

मी त्याचा हात बाजूला केला.

मोजपट्टीवरचा अंगठा माझा नव्हता. तो एका तरुण मुलीचा होता, नख बारीक कापलेलं. तिने पट्टी कापल्याच्या खुणेला अगदी समांतर धरली होती, आकडे कॅमेऱ्याकडे करून. दादा शिकवतो तशी.