सहावी पट्टी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर, भर दुपारी घडलेलं आहे. पटलं तर ठीक, नाही तर सोडून द्या.

आमच्या धाकटीचं लग्न झालं ते वर्ष. लग्नाला महिना व्हायच्या आत भूकंप झाला.

मी गवंडी. चाळीस वर्षं भिंती बांधल्या, म्हणून उरलेल्या भिंती तपासायला मला घेतलं. बरोबर एक तरुण इंजिनिअर मॅडम. मी हातोडीने ठोकायचो, त्या ऐकायच्या आणि लिहायच्या. दिवसाला वीस-वीस घरं. पहिल्या दिवशी रडू आलं. तिसऱ्या दिवसापासून काहीच येईना. लोक दारात उभे राहून तोंडाकडे बघायचे. मी कागद चिकटवायचो आणि पुढे जायचो.

हिरवा कागद म्हणजे राहा. लाल म्हणजे आत पाऊल टाकू नका.

शंका असेल तिथे तड्यावर आडवी प्लास्टरची पट्टी लावायची. दोन दिवसांनी बघायचं. पट्टी फुटली, तर तडा अजून सरकतोय. अख्खी राहिली, तर भिंत आता स्थिर. ओल्या पट्टीवर मॅडम खिळ्याने तारीख कोरायच्या. तारीख नसलेली पट्टी धरायची नाही, असा नियम.

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. मी शेजारी अंगठा दाबायचो.

ही पट्टीची युक्ती मला दाजींनी शिकवलेली. माझ्या अक्काचे यजमान. थापी धरायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांचा उजवा अंगठा तरुणपणी दगडाखाली सापडला होता. अर्धाच उरला. पुढून सपाट, मध्ये खाच.

भूकंपानंतर दोघं मैदानावरच्या तंबूत होती. दाजींची छाती भरली होती. चौथ्या दिवसापासून उठून बसवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कोरडी, बंद खोली हवी. दवाखान्यात जागा नव्हती. दाजींचं एकच चाललं होतं... घरी न्या.

सातव्या दिवशी त्यांची इमारत आमच्या यादीत आली. तीन मजली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर.

"सगळ्यांच्या भिंती ठोकत फिरतोस," अक्का म्हणाली, "बहिणीची भिंत आली की हात जड होतो होय रे?"

"दोन दिवस दे अक्का."

"त्यांच्याकडे आहेत का दोन दिवस, ते विचार."

दाजी आतून खोकत हसले. "अगं, त्याला आधी मला ठोकू दे. पोकळ वाजतो का बघू."

आम्ही पाच पट्ट्या लावल्या. दोन स्वयंपाकघरात, दोन बाहेरच्या खोलीत, एक जिन्यात. झोपायच्या खोलीत तडाच नव्हता, म्हणून तिथे लावली नाही. जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. चावी माझ्या खिशात.

नवव्या दिवशी दुपारी तीनला गेलो. कुलूप जसंच्या तसं.

जिन्यातली पट्टी अख्खी. बाहेरच्या दोन्ही अख्ख्या. स्वयंपाकघरातल्याही.

मॅडम हसल्या. आठवड्यात पहिल्यांदा. "काका, काढा हिरवा कागद."

आणि मग झोपायच्या खोलीतून त्यांचा आवाज आला...

"काका, ही कधी लावलीत?"

पलंगाच्या उशाशी, भिंतीवर... सहावी पट्टी.

"मी नाही लावली."

"मग कोणी?"

मी बोट लावलं. प्लास्टर अजून ओलं होतं. गार.

तारीख नव्हती. पण अंगठा होता.

सपाट. अर्धा. मध्ये खाच.

आणि पट्टी मधोमध फुटलेली होती.

मी हातोडी उचलून तिच्याजवळ ठोकली.

"ठोका ना काका," मॅडम म्हणाल्या.

मी परत ठोकली. जोरात. हाताला झिणझिण्या आल्या.

"काका?"

"ठोकतोय मी, मॅडम."

आवाज नव्हता... माझ्याही कानाला आला नाही. खाली रस्त्यावर गाडी गेली, ती ऐकू आली.

मग मी पट्टी खरवडून काढली. ओलं प्लास्टर कधी फुटत नाही, ते दबतं. ही काचेसारखी दोन तुकड्यांत निघाली. खाली भिंत स्वच्छ. तडा सोडा, रंगालाही ओरखडा नव्हता.

मॅडमनी दोन्ही तुकडे उलटून पाहिले. "तारीख नाही. मी ही धरू शकत नाही. पाच अख्ख्या आहेत." मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं घर आहे काका. तुम्ही सांगा."

दाजी सांगायचे, पट्टी फुटली की वाद घालायचा नाही.

"लाल," मी म्हणालो.

तंबूत गेलो. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. अक्का पातेल्यात पाणी तापवत होती. दाजी डोळे मिटून पडले होते.

तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं...

"फुटली?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"फुटली, दाजी."

"मग वाद नको."

"अक्का, हे कुठे गेले होते का?"

"डोकं फिरलं का तुझं? कूस बदलायला मी लागते. जातील कुठे?"

मी त्यांचा हात चादरीवर ठेवला. अंगठ्याच्या खाचेत पांढरं होतं. वाळलेलं.

मी रुमालाने पुसून टाकलं. का पुसलं, सांगता येत नाही. भीती वाटली नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. भीती नंतर आली, ती अजून आहे.

पुढच्या वर्षी मी नातीबरोबर अक्षरं गिरवायला बसलो. सगळ्यात आधी तारीख लिहायला शिकलो.

ती इमारत पडली नाही. नंतरच्या एकाही हादऱ्यात नाही. वर्षभराने दुसऱ्या लोकांनी तपासून तिला हिरवा कागद दिला. आज तिथे दुसरं कुटुंब राहतं, आणि त्याच भिंतीला उशी लावून कोणीतरी झोपतं. मी त्या रस्त्याने जात नाही.

अक्का शेवटपर्यंत एकच म्हणायची, "पाच अख्ख्या होत्या ना रे?"

होत्या.

दाजी भूकंपानंतर अकराव्या दिवशी गेले. शुक्रवारी, सकाळी सात वाजता. तंबूत.