सतरा कंपनांची नळी

नादमंदिराच्या नियंत्रणकक्षात बसून डॉ. यशोधन चौबळ नऊशे माणसांच्या अंगावर येणारा काटा मोजत होता. प्रत्येक खुर्चीच्या हातावर एक रोमांचमापक बसवलेला होता; श्रोत्याने मनगट टेकवलं की पुरे. खाली मंचावर ऐंशी जणांचा वाद्यवृंद होता, आणि त्यांच्यामागे दोन मजली पाइप ऑर्गनपुढे रूथ उजगरे पाठमोऱ्या बसल्या होत्या. वय एकाहत्तर. चर्चमधल्या ऑर्गनवर सारा जन्म गेलेला. आजचं त्यांचं शेवटचं वादन होतं. पुढच्या रविवारपासून ऑर्गन यंत्र वाजवणार होतं. आणि हे सगळं यशोधनमुळे झालं होतं.

वर्षापूर्वी, सभागृह ओस पडेल या धास्तीने, त्याने ऑर्गनच्या हजारभर नळ्यांत एक जादा लाकडी नळी गुपचूप उभी केली होती. सेकंदाला सतरा कंपनं. म्हणजे माणसाच्या कानाला जवळजवळ शून्य. रूथमावशींनी पायाखालची सर्वांत खर्जाची पट्टी दाबली की तिची झडप आपोआप उघडे. पहिल्याच कार्यक्रमात लोक डोळे पुसत बाहेर पडले. मावशी हरखून त्याला म्हणाल्या, "लोक रडले रे आज!" तेव्हा त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दर रविवारी वाटत राहिलं.

शेवटी न राहवून त्याने नादमंदिराच्या समितीला सगळं लिहून दिलं. सोबत आलेख: झडप उघडते, रोमांच उसळतो. समितीने त्याला माफ केलं आणि सरळ निष्कर्ष काढला, की लोक रडतात ते नळीमुळे, मग वाजवणारं कोणी का असेना. मावशींना फक्त 'वयोमानानुसार' एवढंच कळवण्यात आलं.

"कुंदा, मला हे सहन होत नाही," तो शेजारी बसलेल्या मेंदूतज्ज्ञ डॉ. कुंदा सबनीसला म्हणाला.

"अरे, ही टोचणीसुद्धा नळीचीच करामत आहे," कुंदा म्हणाली. "अश्राव्य ध्वनी कानाला कळत नाही, छातीला कळतो. शरीर अस्वस्थ होतं आणि मन कारण शोधायला लागतं. श्रोत्यांना समोर संगीत दिसतं, म्हणून ते संगीताला श्रेय देतात. तुला मावशी दिसतात, म्हणून तुला अपराधी वाटतं. नळी बंद कर, टोचणी थांबेल."

यशोधनला हायसं वाटलं. मग व्हायोलिनं हळूहळू विरली, तुताऱ्या गप्प झाल्या आणि ऑर्गनचा खर्ज एकटाच उरला. मावशींनी तो सूर इतका वेळ धरून ठेवला, की पडद्यावरची नऊशे टिंबं एकदम लाल झाली. त्याचेही डोळे भरून आले. नळीच ती, असं त्याने स्वतःला बजावलं.

टाळ्या थांबल्यावर तो त्या नळीची हवा तोडायला ऑर्गनच्या पोटात शिरला. नळीच्या तोंडात जुन्या लुगड्याचा घट्ट बोळा कोंबलेला होता.

"अगंबाई, राहूनच गेलं बघ," मागून मावशी म्हणाल्या. "तिच्यानं बाक थरथरायचा. वाटलं, हवा गळतेय. बिघडलेल्या नळीचं तोंड बांधून ठेवायचं, मिस्त्री येईपर्यंत. आमच्याकडे तशीच पद्धत. मिस्त्री काही आला नाही."

"कधी बांधलंत?" यशोधनने विचारलं.

"लोक रडले ना, त्या पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी."

म्हणजे नळी एकाही श्रोत्यासमोर वाजली नव्हती. त्याची उपकरणं झडप उघडल्याची नोंद घेत होती, नळी वाजल्याची नव्हे. आणि मुळात ऐकू न येणारी नळी मुकी झाली, हे कोणाला कळणार होतं?

त्याने तिथेच, अडखळत, सगळं सांगून टाकलं. पत्रासकट. "मी आत्ता समितीकडे जातो, मावशी. पाया पडतो त्यांच्या."



"जा," मावशी म्हणाल्या. "पण बाळा, तू तर दर रविवारी ऐकत होतास. तुला एकदाही वाटलं नाही, की ही बाई बरं वाजवते?"

यशोधनच्या छातीत तीच टोचणी उठली, आणि खापर फोडायला आता नळी उरली नव्हती.