डोक्याची तपासणी, रिकाम्या पोटी

“ऊटा आयता?”

जेवलात का, असं शेजारी बसलेल्या एका तरुण उमेदवारानं कन्नडमध्ये विचारलं आणि मी दचकले. उमरग्याजवळच्या नव्या सहकारी साखर कारखान्याच्या ओसरीवर आम्ही उमेदवार बसलो होतो. पुण्याहून आलेले मानसशास्त्रज्ञ आमची बुद्धिमापन चाचणी घेणार होते. असली चाचणी आमच्या भागात कुणी पाहिलेली नव्हती. कारकुनाची जागा एकच होती.

“उपाशी हाय,” मी म्हणाले. “अप्पा म्हणाले, दवाखान्यात रक्त तपासायला जाताना खात न्हाईत. इथं तर डोकंच तपासणार.”

तो हसला नाही. हसला असता तर मी उठूनच गेले असते! त्यानं फडकं सोडून ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली.

“खावा. घड्याळ लावून प्रश्न सोडवायचे हायत. चक्कर येईल.”

“आली तर तुमचंच भलं की!”

“उपाशी माणसाला हरवून मिशीला पीळ भरू व्हय?”

“मिशी हाय कुठं?”

तो लाजला... चक्क लाजला! गुरुलिंग नाव, मुरूम गावचा. मीही माझं नाव सांगितलं, रुद्रम्मा. सोलापूरच्या मित्राकडून अशा चाचणीची माहिती काढून आला होता. फरशीवर आगकाड्यांच्या आकृत्या मांडून तो विचारू लागला, “यातली वेगळी कोणती?” मी बोट ठेवलं. त्यानंही तिथंच ठेवलं. दोघांनीही लवकर उचललं नाही. छाती धडधडत होती, आणि ती नुसती परीक्षेनं नव्हे, हे मला कळत होतं.

“नोकरीची लई निकड हाय का?”

“न्हाय मिळाली तर अप्पा अक्कलकोटच्या स्थळाला होकार देणार. दुष्काळात खडी फोडत मॅट्रिक झाले, ते काय त्यांचे पापड लाटायला?”

तो आगकाड्या गोळा करू लागला. त्याच्या मनात काय आलं, ते मी ओळखलं.

“हे बघा, माझ्यासाठी मुद्दाम चुकलात तर तुमचं तोंड बघणार न्हाय!”

“म्हणजे... एरवी बघणार?”

“आधी शपथ घ्या.”

गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. तेवढ्यात आत बोलावणं आलं.

संध्याकाळी शिपायानं निवड झालेल्याचं नाव पुकारलं. गुरुलिंगचं.

माझे डोळे भरून आले. राग आला, अक्कलकोट दिसू लागलं. पण त्यानं शपथ मोडली नव्हती. मला बिचारी समजून जागा सोडली नव्हती. त्या क्षणी तो मला इतका आवडला, की भीतीच वाटली.

फाटकापाशी त्यानं गाठलं. जिंकूनही चेहरा उतरलेला.

“रुद्रम्मा... आता नोकरी हाय मला. उद्या अप्पांना भेटायला येऊ?”

“या. पण मला मागायला न्हाय. पोरगी हुशार हाय, तिला आणखी परीक्षा देऊ द्या, एवढंच सांगा त्यांना.”

“सांगतो. पटवूनच उठतो.” तो घुटमळला. “आन्... मागायला कधी येऊ?”

“तुमी कशाला?” मी पदर खोचला. “मला नोकरी लागू द्या. मीच येते मुरूमला... तुमाला मागायला.”