चाळीस चुका, सगळ्या एकाच दिशेला

१९७८च्या ऑगस्टात नंदिनी कोपनहेगनला गेली आणि जोतीराम मुरगूडलाच राहिला. हे वाक्य घाईत आधी आलं. ते कुणी वाचलेलं नाही. अजून जून चालू आहे आणि नंदिनी जोतीरामच्या लाउडस्पीकरच्या दुकानात उभी आहे.

"आठ कर्णे हवेत."

"लगीन का बारसं?"

"काही नाही. मला ऐकायचंय."

"ऐकाय कोण कर्णं नेत न्हाय, बाई. दुसऱ्याला ऐकवाय नेत्यात."

नंदिनी हसली नाही. जोतीराम तिथंच संपला.

आवाज कुठून आला हे माणसाला कसं कळतं, यावर ती कोल्हापुरात संशोधन करत होती. कोपनहेगनच्या प्रयोगशाळेनं वर्षासाठी बोलावलं होतं. आधी सहा जणांच्या चाचण्यांचे निकाल पाठवायचे होते. आवाज घुमू नये म्हणून तिनं मुरगूडमधल्या गुळाच्या रिकाम्या वखारीत भिंतींना गाद्या टांगल्या. पाच जण झाले. सहावा मुंग्यांना भिऊन पळाला. मग कर्णे लावायला आलेला जोतीरामच खुर्चीत बसला.

डोळ्यांवर पट्टी, भोवती आठ कर्णे. टिक् झालं की तिकडं बोट करायचं. जोतीराम चाळीसपैकी चाळीस वेळा चुकला. बोट दर वेळी नंदिनीकडे. ती चवड्यांवर दुसऱ्या कोपऱ्यात गेली. बोटही गेलं.

"आवाज मागून होता, जोतीराम."

"व्हय. ऐकला की."

"मग बोट इकडे का?"

"तुम्ही… हितं हाय, म्हणून." मानेवर मुंगी चढत होती. त्यानं ती झटकली नाही.

"पट्टी बांधलीय. कसं कळतं?"

"पेन्सिल चावताय की तुम्ही. लई बारीक आवाज येतोय."

नंदिनीनं पेन्सिल तोंडातून काढली.

"हे निकाल गेले, तर मला बोलावणार नाहीत," ती हळूच म्हणाली.

"जायाचंच हाय?"

"माझ्या वडिलांचा, अण्णांचा, एक कान गेलाय. हाक मारली की ते चारी दिशांना बघतात… मला ते बघवत नाही."

जोतीरामनं पट्टी सोडली, घडी घातली. "परवा परत बसतो."

परवा तो बसला. टिक्, डावीकडे. टिक्, मागे. तीस झाले, तीसही बरोबर. शेवटच्या दहांना नंदिनीनं पेन्सिल मुद्दाम मोठ्यानं चावली… अगदी ऊस खाल्ल्यासारखी. त्याचं बोट तिच्याकडे वळू लागलं – आणि बरोबर कर्ण्याकडेच गेलं.

"चाळीसपैकी चाळीस," तिनं वाचलं. "एकदा तरी चुकायचं होतंत."

"चुकलो असतो, तर तुम्ही ऱ्हायला असता."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "वर्षच आहे, जोतीराम. थांबाल?"

"थांबतो की."

सप्टेंबरात एसटीच्या आगारप्रमुखांच्या टेबलावर एक अर्ज आला :

विषय : मुरगूड–कोपनहेगन गाडी सुरू करणेबाबत.

महोदय, वरील मार्गावर सध्या एकही गाडी नसल्याने प्रवाशांची (संख्या : एक) फार गैरसोय होत आहे. तरी आठवड्यातून निदान एक मुक्कामी गाडी, मार्गे निपाणी, सोडण्यात यावी, ही नम्र विनंती. बसायला जागा नसल्यास अर्जदाराची उभ्याने येण्याची तयारी आहे.