तिसरा प्लग

रविवारी सकाळी जावईबापू व्हॅन घेऊन गॅरेजच्या दारात आले, तेव्हा मी दाढीचा साबण धूत होतो. गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. पाय ओढत चालणारा माणूस पावलांवरून कळतो ना, तशी. तीन ठोके सरळ, चौथा गायब. आमच्या भाषेत याला मिसिंग मारणं म्हणतात.

जावईबापू उतरले. ही व्हॅन म्हणजे त्यांचं पोट. चढापलीकडच्या वस्तीत माणसं नेण्या-आणण्याचा धंदा. गाडी जुनी, पण जावयाचा तोरा नवा.

“मामा, हिला लागलंय,” ते हळूच म्हणाले.

“काय लागलंय?”

“बाहेरचं…”

मी तोंड पुसलं. चाळीस वर्षांत एक गोष्ट बघितली आहे. गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं ते ज्याला आठवत नाही, त्याला भूत मात्र अचूक ओळखता येतं.

“बसतं कुठं ते, जावईबापू? कार्बोरेटरात की टूलबॉक्सात? सांगा, म्हणजे तिथूनच उघडतो.”

ते हसले नाहीत. पूर्वी हसले असते, माझ्याकडं बघून. चार महिन्यांपूर्वी जेवताना म्हणाले होते, “आता मेकॅनिक कोण विचारतो, मामा? कॉम्प्युटर सांगतो बिघाड.” मग कॉम्प्युटरवाल्याकडं गेले. त्यानं कॉइल बदलली. दुसऱ्यानं कार्बोरेटर बदललं, तिसऱ्यानं वायरी. आणि सगळं करून, ज्याच्या हातांना काळं लागलेलं असतं त्याच्याच दारात आले.

मी त्यांना परत पाठवलंही असतं. पण व्हॅनच्या मागच्या सीटवर माझी लेक बसली होती. तिला नववा महिना लागलेला. दवाखाना चढापलीकडं. वेळ आली की तिला याच गाडीतून न्यायचं होतं, आणि गाडी त्या चढावर अर्ध्यातच मान टाकत होती.

“बाबा, खरंच बघा हो,” ती म्हणाली. “यांना हसू नका.”

तिच्यासाठी बॉनेट उघडलं.

इंजिन चालू ठेवून मी एकेका प्लगची वायर काढत गेलो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन धडपडतं. मेलेल्याची काढली तर त्याला फरकच पडत नाही. पहिली काढली, धडपडलं. दुसरी, धडपडलं. चौथी, धडपडलं. तिसरी काढली आणि काही झालं नाही.

“तिसरा मेलाय. हे तुमचं भूत,” मी म्हणालो.

तिसरा प्लग आत, अडचणीत असतो. बोटं सोलून निघतात. हात पोचणारे तीन प्लग नवे दिसत होते, तिसऱ्याला तीनही उस्तादांनी हात लावला नव्हता. असल्या लोकांना मी मेकॅनिक म्हणत नाही. कपडे इस्त्रीचे आणि काम उष्टं.

प्लग बाहेर काढला आणि माझी जीभ थांबली.

तो मी घातलेला होता. चार महिन्यांपूर्वी, त्या जेवणानंतर दोन दिवसांनी गाडी सर्व्हिसिंगला आली होती. राग डोक्यात होता. तीन प्लग नवे घातले, आणि तिसऱ्या जागी डब्यातला जुना. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर होती. मला दिसली होती. म्हटलं, याला एवढं पुरे. कॉम्प्युटर शोधेल.

लेकही त्याच गाडीतून फिरते, हे तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं आणि मी ढकललं, ते आता सांगता येत नाही.

मी तो प्लग खिशात घातला, नवा बसवला. इंजिन शिलाई मशीनसारखं चालू लागलं.

“बघा. आधीच्या गॅरेजवाल्यांची हलगर्जी,” मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

लेकीला घरात आराम करायला सांगून आम्ही दोघं चढावर निघालो. दुपारचे बारा वाजले असतील, पण धुकं हललेलं नव्हतं. खिडकीच्या काचा ओल्या. इंजिनाचा आवाज गोल, भरीव. चारही ठोके मी मांडीवर बोटानं मोजत होतो. एकही चुकत नव्हता.

अर्ध्या चढावर मैलाचा दगड आहे. तो मागं पडला आणि गाडी जड झाली.

मिसिंग नाही, धूर नाही. इंजिन जीव तोडून फिरत होतं, पण मागून कुणीतरी दोराला धरून ओढावं तशी गाडी मंदावत होती. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर. दुसऱ्यावरून पहिल्यावर.

“ब्रेक चिकटलेत,” मी म्हणालो. उतरून चारही चाकांना हात लावला. थंडगार. क्लच बघितला, घसरत नव्हता. पेट्रोल पुरेपूर येत होतं. माझ्याजवळ होती नव्हती तेवढी विद्या संपली.

“इथंच होतं, मामा,” जावई स्टिअरिंगकडं बघत म्हणाले. “दर वेळी.”

“इथंच का?”

त्यांनी बाहीनं समोरची ओली काच पुसली.

“तीन महिने झाले. असंच धुकं होतं. त्या दगडापाशी एक म्हातारा उभा होता. एक हात वर, दुसरा छातीवर. गाडी मिसिंग मारत होती. चढावर थांबवली असती तर परत उचललीच नसती. गाडीत सहा माणसं… मी खूण केली, मागून दुसरी येतेय.”

“येत होती?”

“नाही.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना सापडला. दगडाला टेकून बसलेला.”

या माणसाला मी लग्नाच्या दिवसापासून हिशेबात धरला नव्हता. त्या दिवशी बोलायला पुष्कळ होतं. थांबायचं होतं, गाडी ढकलता आली असती, सहा माणसं काय शोभेला होती? सगळं ओठांवर आलं. पण खिशातला प्लग मांडीला टोचत होता. चीर मला माहीत होती, त्याला नाही. मग मी कुणाला हसत होतो इतके दिवस?

आणि तरीही मी त्याला खरं सांगितलं नाही. ते आजही सांगितलेलं नाही. एवढा मी हलका.

“गाडी मागं घ्या,” मी म्हणालो. “दगडापाशी थांबवा.”

“चढावर?”

“आता उचलेल. थांबवा.”

इंजिन चालूच होतं. मी उतरलो, मागचं दार सरकवून उघडलं. दगडापाशी कुणी नव्हतं. ओलं गवत, आणि धुक्यात ठिबकणारं पाणी. आपण किती मूर्ख दिसतोय, हे मला कळत होतं. भुतावर विश्वास ठेवणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली होती.

“बाबा,” मी म्हणालो. तो माझ्याच वयाचा असणार, पण तोंडातून तेच निघालं. “चुकलं. माझं चुकलं. बसा…”

काही झालं नाही. मग ओल्या लोकरीचा वास आला. आणि डाव्या बाजूचे पाटे, चाकावरचे लोखंडाचे पाटे, ज्यांच्यावर गाडीचं ओझं असतं, ते किर्र करून दोन बोटं दबले.

जावयानं आरशात बघितलं नाही. मीही मागं वळलो नाही. दार लावलं, पुढं येऊन बसलो.

“चला… सावकाश.”

गाडी अशी चढली, की नवी असतानाही चढली नसेल. दवाखान्याच्या दाराशी थांबवून मी मागचं दार उघडलं. “उतरा,” म्हणालो. पाटे वर आले. आम्ही घरी परतलो. त्या दिवसापासून मी त्यांना जावईबापू म्हणायचं सोडलं.

दहा दिवसांनी भर दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. त्या चढावर गाडीनं एक आचका दिला नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो.

घरी न्यायच्या दिवशी लख्ख ऊन होतं. जावयानं गाडी आतून-बाहेरून धुतली, सीटवर स्वच्छ चादर अंथरली, दवाखान्याच्या दाराशी आणून लावली. मी स्वतः मागचं दार सरकवलं. आत चादरीवर एक सुरकुती नव्हती.

लेक बाळाला छातीशी धरून पायऱ्या उतरली. एक पाय गाडीत ठेवला आणि थबकली. तो पाय तिनं मागं घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं मान फिरवली, ओळखीचं कुणी आहे का बघतात तशी. मग पदर सावरून माझ्याकडं वळली. आवाज अगदी खाली आणून, कुणाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली,

“बाबा… एवढ्यांना कुठं सोडायचंय?”