पूर्वनाद

बावधनच्या ध्वनिप्रयोगशाळेत शेवंताबाई लाख्यांनी नव्या तालपटावर थाप मारायला हात उचलला आणि तो हवेतच थबकला. नाद आधीच उमटला होता.

बाईंची उमर तमाशाच्या बोर्डावर ढोलकी वाजवण्यात गेली होती. मनगटं दुखायला लागल्यावर त्यांनी विजेवरचा ऑक्टोपॅड घेऊन पाहिला, पण त्याचा आवाज हाताच्या किंचित मागे रेंगाळायचा. घासात खडा यावा तसं व्हायचं. म्हणूनच अभियंता निरंजन कुलथे यांनी त्यांना चाचणीसाठी बोलावलं होतं.

त्यांच्या कोपराखालच्या पट्ट्याकडे बोट दाखवत कुलथे म्हणाले, "हात हलण्याआधी मेंदूचा हुकूम स्नायूंत पोहोचतो. पट्टा तो वाचतो आणि लगेच नाद सोडतो. आम्ही याला पूर्वनाद म्हणतो."

बाई पुन्हा वाजवायला लागल्या. मनात आलं की वाजलं, मधे हात जणू नव्हताच. असं सुख आजवर मिळालं नव्हतं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आणि महिनाभर रोज येत राहिल्या.

मग एका सकाळी मुलगी चित्रा गायला बसली, म्हणून बाईंनी ढोलकी मांडीवर घेतली. थाप मारली, पण आवाज उशिरा आला. मागे बसून कुणी आपली नक्कल करतंय, असं त्यांना वाटलं. चित्राला मात्र ताल चोख लागत होता. "थांब जरा," बाई म्हणाल्या, आणि भेदरल्या. आपलेच ते शब्दही मागून दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखे ऐकू आले होते.

कुलथ्यांनी मेंदूतज्ज्ञ डॉ. मृणाल देवस्थळींना बोलावून घेतलं. बाईंना तपासून त्या म्हणाल्या, "आवाज आपला की परका, हे मेंदू वेळेवरून ठरवतो. महिनाभर तालपट वाजवून यांच्या मेंदूने ती वेळ अलीकडे ओढली. हाताला एक घड्याळ आणि जिभेला दुसरं, असं मेंदूत नसतं. आता हुकुमासरशी न आलेला प्रत्येक आवाज त्याला परका वाटतो."

"पण तालपट बंद केला की मूळ सवय परतेल ना?" कुलथ्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "मेंदू ही वेळ दुरुस्त करतो ती स्वतःच्या आवाजांवरून. आता तालपटाशिवाय आपला म्हणावा असा आवाजच त्याला सापडत नाही. दुरुस्ती कशावरून करणार?"

बाईंनी खुणेनेच पट्टा मागून घेतला आणि तालपटावर एक तुकडा वाजवला. तेवढाच नाद त्यांचा होता. चित्रा रडत होती. आई, माझ्याशी बोल, एवढंच ती परत परत म्हणत होती. लेकीचा आवाज बाईंना अगदी जागच्या जागी ऐकू येत होता.

तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "रडू नको, बाळा."

आणि माझ्या लेकीला बाळा म्हणणारी ही बाई कोण, हे पाहायला त्यांनी मागे वळून पाहिलं.